हात अजून जागे व्हायचेत

“थांब ना आजी. माझे हात अजून जागे व्हायचेत.”

गोटी अंथरुणात बसून होती. दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं किंचित वाकलेली. जणू ओंजळीत कुणीतरी काहीतरी ठेवून गेलंय आणि ते सांडू नये म्हणून ती जपून बसलीय. आजी फ्रॉक घेऊन समोर उभी.

“अगं बाई! हातांना कसली झोप? तोंड तर केव्हाचं जागं आहे तुझं.”

आजी हसली. आरशासमोर भांग पाडणारा बाबाही हसला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई तेवढी हसली नाही. मागे दूध उतू गेलं, शेगडी चरचरली, तरी ती जागची हलली नाही.

वाक्य तिचंच होतं. कितीतरी महिने झाले, सकाळी डोळे उघडले तरी हात उघडत नसत. बोटं लाकडासारखी ताठ. मूठ वळायची नाही, वळलेली सुटायची नाही. शेजारी झोपलेली गोटी उठून कुशीत शिरायची, “आई, चल,” म्हणून ओढायची. तेव्हा तिला काहीतरी सांगायला हवं म्हणून एकदा ती म्हणाली होती, “थांब गं राणी, हात अजून जागे व्हायचेत.” मग दोघी हातांची झोप मोडायची वाट बघत बसायच्या. आता तेच शब्द साडेतीन वर्षांच्या पोरीच्या तोंडून आले होते.

दुखणं सुरू झालं ते नेमकं डाव्या हाताच्या पहिल्या बोटापासून. तिच्या पोटापाण्याचं बोट होतं ते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती रक्त काढायची. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, त्याच बोटाने कोपराच्या खळगीत चाचपायचं आणि शीर सापडली की सुई अशी घालायची, की समोरचा म्हणायचा, “झालं पण?” लोक तिला नावाने ओळखत नसत. “ती हलक्या हाताची कुठाय?” असं विचारत यायचे. कुणाची हाडं वर आलेली म्हातारी, कुणाचं तान्हं बाळ, सगळे तिच्याच वाट्याला. तिलाही त्याचा आतून अभिमान होता. रूप बेताचं, बोलणं बेताचं, पण हात? हातांनी तिला कधी मान खाली घालायला लावली नव्हती.

ते बोट सुजलं, तेव्हा घराजवळचे डॉक्टर म्हणाले, “पोरीला सारखं कडेवर घेता ना, म्हणून.” मग मनगटं सुजली. मग पावलं. सकाळी जमिनीवर पाय ठेवला की गोट्यांवरून चालल्यासारखं वाटायचं. रक्ततपासणीचा पहिला अहवाल स्वच्छ आला आणि त्या भरवशावर सगळ्यांनी तिला तेल, शेक आणि मलमाच्या हवाली केलं. शेजारणीने तांब्याचं कडं घातलं मनगटात. मनगट असं फुगलं, की कडं आत रुतून बसलं. शेवटी नवऱ्याने तिला आपल्या गॅरेजात नेलं, पत्र्याची कात्री लावली. म्हणाला, “गाड्यांची एवढी कापाकापी करतो, कधी हात थरथरला नाही माझा.” कडं तुटलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचेस्तोवर वर्ष सरत आलं होतं. त्यांनी एकेक पेर दाबून बघितलं. 

“हा संधिवातच,” बाई म्हणाल्या. “पण म्हातारपणी हाडं झिजून होतो तो नव्हे. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते ना, तीच सांध्यांवर उलटते.”

“म्हणजे कुंपणच शेत खातंय.”

“अगदी तसंच. आपण त्याला आवर घालू. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, हे नीट लक्षात ठेवा. गुण यायला काही महिने लागतील. ती चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मधूनमधून रक्त तपासायचं. मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही.”

दुसरी एखादी असती तर रडली असती, भांडली असती. तिने एकच विचारलं. “माझ्या मुलीला होईल का?”

“होईलच असं काही नाही. शक्यता जराशी वाढते इतकंच. ते आत्ता मनाला लावून घेऊ नका.”

बाकी सगळं बोलणं दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं. ‘शक्यता वाढते’ एवढं तिच्याबरोबर घरी आलं.

सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, जिभेने फटकळ होत्या. “संधिवात म्हणजे आमच्या वयाचा पाहुणा गं. वाट चुकून तुझ्याकडे आला की काय!” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून न सांगता कणीक मळायला घेतली. गोळीच्या दुसऱ्या दिवशी तिला मळमळायचं. विंचरताना केस फणीत यायचे. हात होते तसेच. लॅबवाल्या सरांनी हलकेच तिला खिडकीवर बसवलं. नावं विचारायची, चिठ्ठ्या बाटल्यांना चिकटवायच्या. चिठ्ठीचा कागद नखाने सोलून काढतानाही तिला ओठ चावावा लागे. एकदा एक आजोबा काठी टेकत आले.

“ती हलक्या हाताची कुठाय हो?”

“रजेवर आहे,” ती म्हणाली.

“कधी येणार?”

तिने पुढची चिठ्ठी सोलायला घेतली.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण आता गोटीचे हात झोपायला लागले होते.

त्या सकाळपासून ती पोरीवर पाळत ठेवू लागली. आणि शोधायला बसलं की सापडतंच. गोटी पेला बोटांनी धरत नव्हती. दोन्ही तळव्यांच्या खालच्या बाजूंनी दाबून उचलायची, बोटं वर उभी. दार कोपराने ढकलायची. जमिनीवरून उठताना पंजा न टेकता मूठ टेकायची आणि वर “आई गं!” दुपारी पोरगी झोपली की ती तिचा हात हातात घेऊन एकेक पेर चाचपायची. इथे सूज आहे का? ऊन लागतंय का? पण कळायचं कसं? तिचं स्वतःचंच बोट सुजलेलं. हाताला लागतंय ते पोरीचं की आपलं, याचाच पत्ता लागेना.

“अगं, नक्कल करतीये ती,” नवरा म्हणाला. “परवा माझ्यासारखी ढेकर देऊन दाखवली की नाही?”

“ढेकर दुखत नाही.”

“हिचं तरी कुठे काय दुखतंय?”

“उठताना ‘आई गं’ म्हणते ती. मी ऐकलंय.”

“तू दिवसभर तेच म्हणतेस.”

तो बोलून गेला खरा. मग उगाचच बादली उचलून नळाखाली ठेवायला गेला. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पण मनात पाल चुकचुकली की ती काही केल्या गप्प बसत नाही. एका दुपारी लॅबमध्ये गर्दी नसताना ती गोटीला घेऊन गेली. कुणा डॉक्टरांना विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. तिच्या जागी आलेली नवी मुलगी सुई काढून तयार झाली.

“ताई, तुम्ही धराल ना हिला?”

धरायचं कशाने? पंज्यात जोर नव्हता. तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही कोपरांमध्ये आवळलं, जसं हल्ली ती पिठाचा डबा आवळायची. रबरी पट्टा बघून गोटीला काय ते उमगलं.

“आई, तू कर.”

“ही ताई करेल हं. मुंगी चावल्यासारखं—”

“नको! तू कर. तू हळू करतेस. सगळे म्हणतात ना, तू हळू करतेस!”

नवी मुलगी घाबरली. पहिल्यांदा शीर हुकली. आईला ती दिसत होती, अगदी समोर, निळसर, जरा डावीकडे. “डावीकडे,” ती म्हणाली. हात पुढे झालाही होता, पण बोट वळलं नाही. गोटी किंचाळत राहिली, आणि किंचाळताना सुईकडे बघत नव्हती. आईच्या हातांकडे बघत होती.

अहवाल स्वच्छ आला. तिला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. पण तिचाही पहिला अहवाल स्वच्छच नव्हता का आला? त्या कागदावर विसंबून तिने किती महिने वाया घालवले! दोन दिवसांनी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, “चल, लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊ. तुझा एकदाचा जीव भांड्यात पडू दे.”

डॉक्टर वयस्कर होते, मिस्कील होते. गोटीच्या कोपरातला काळानिळा डाग बघून त्यांनी भुवया उंचावल्या. हात, पाय, मान सगळं तपासलं. मग टेबलावर एक चॉकलेट ठेवलं, चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळलेलं. गोटीने ते चटकन उचललं, नखाने टोक पकडलं, सर्रकन सोललं आणि चांदीची इवलीशी गोळी वळून डॉक्टरांना परत दिली.

“वा! आता पाणी पी बरं.”

त्यांनी पेला पुढे केला. गोटीने आधी आईकडे पाहिलं. मग बोटं उभी केली आणि पेला तळव्यांत दाबून धरला.

“पाहिलंत?” डॉक्टर हळूच म्हणाले. मग पोरीकडे वळले. “असा का गं धरतेस?”

“आई असाच धरते.”

“बरं. आणि तुझे हात म्हणे सकाळी झोपलेले असतात?”

गोटीने मान डोलावली.

“का बरं?”

“हात झोपलेले असले की आई कुठे जात नाही,” गोटी म्हणाली. “माझ्याजवळ बसते.”

नवरा खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टर हसले. “हात अगदी ठणठणीत आहेत पोरीचे. काही झालेलं नाही. आई आवडते तिला, त्याला आमच्याकडे औषध नाही. ताई, आता तुमची तब्येत सांभाळा.”

नवऱ्याने वाटेत गोटीला फुगा घेऊन दिला. घरी सासूबाईंनी देवाला हात जोडले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं, तिलाही. पण तोंड धुताना तिने आरशात पाहिलं आणि तिला वाटलं, रोग द्यायला रक्तच लागतं असं थोडंच आहे. पोर नुसतं बघून घेते. घर, आई, सकाळ, पाणी पिणं, सगळं असंच असतं असं समजून घेते.

दुसऱ्या दिवसापासून ती गोटीच्या आधी उठू लागली. न्हाणीघराचं दार लावून घ्यायची, कोमट पाण्याच्या बादलीत हात सोडायची आणि तिथेच त्यांची वाट बघत बसायची. बाहेर गोटी दार वाजवायची. “आई, तू काय करतेस? मी येऊ?”

“आले गं. तू आजीजवळ बस.”

काही दिवस गोटीने दार वाजवलं. मग वाजवायची थांबली. सकाळी हात झोपलेत असं म्हणायचीही थांबली.

“बघ, विसरली की नाही?” नवरा म्हणाला.

दार उघडायचं असलं की ती आधी पोर कुठे आहे ते बघायची. “आई गं” ओठांतच गिळायची. आणि पाणी प्यायचं झालं की माठाशेजारच्या भिंतीकडे तोंड करायची, कोपरं अंगाशी घ्यायची आणि पेला छातीशी धरून पाठमोरी प्यायची. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, अजून थोडा धीर धरा. ती धीर धरत होती. तो धरायला बोटं लागत नाहीत.

एका दुपारी ती अशीच भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होती. मागे पावलं वाजली. गोटीने माठातून आपला पेला भरून घेतला, आईच्या शेजारी येऊन उभी राहिली, पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“अगं, भिंतीत काय नाक खुपसतेस?” सासूबाई ओट्यापासून म्हणाल्या. “इकडे तोंड करून पी की.”

“पाणी असंच पितात, आजी.”

पेला तिने एका हातात धरला होता. पाचही बोटांनी, छान घट्ट. घोट घोट करत ती सावकाश पीत होती.

तिचं पिऊन होईपर्यंत आई शेजारी उभी राहिली, तळव्यांत रिकामा पेला धरून, भिंतीकडे बघत.