एलीजा पेझारकरांचा आवाज

रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये एलीजा पेझारकर कित्येक वर्षं प्रार्थना म्हणत. २००३च्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. उरला एकच शब्द, ‘नको’. जेवण वाढलं तरी नको, लेकीनं मिठी मारली तरी नको. म्हणायचं वेगळंच असायचं, आणि तोंडातून निघालेलं ऐकून त्यांचेच डोळे भरायचे.

लेक नोरा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. शनिवारीही बहुधा कामावरच. दिवाळीतल्या शनिवारी ती घरी सापडली. दिवस मावळला, शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, संपला. त्याला निरोप द्यायला आई रिबेकानं पीळ घातलेली मेणबत्ती पेटवून हातात धरली. मनुकांच्या सरबताचा पेला भरलेला होता.

“आज प्रार्थना तू म्हण,” ती म्हणाली. “मला हिब्रू वाचता येत नाही.”

यशया संदेष्ट्याची वचनं होती. नोरा अडखळत म्हणू लागली. चाल पार चुकली.

समोरून कुणीतरी ती सावरून घेतली.

नोरानं मान वर केली. पप्पा गात होते. आवाज बसका, थरथरता. पण एकेक शब्द लख्ख. रिबेकाच्या बोटांवर मेण ओघळत होतं, तिला भान नव्हतं. वचनं संपली.

“पप्पा, बोला ना अजून!”

“नको,” एलीजा म्हणाले, दचकले, आणि मग चक्क हसले.

नोरानं डॉक्टरांना फोन लावला. “गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं,” ते म्हणाले. “होतं कधी कधी असं.”

“वेगळ्या ठिकाणी म्हणजे कुठे, तेवढं विचार त्यांना,” रिबेका म्हणाली.

“आई, अर्थ काय गं त्या वचनांचा?”

“देव माझं तारण, मी भिणार नाही. तारणाच्या विहिरींतून तुम्ही आनंदानं पाणी शेंदाल. पप्पा सांगायचे, तेव्हा लोक शत्रूच्या भीतीनं गारठले होते. तरी यशया ‘आनंदानं’ म्हणाला.”

लहानपणापासून ऐकलेल्या त्या ओळींत हा शब्द होता, हे नोराला आज कळत होतं. तिनं त्याच चालीवर हळूच विचारलं, “पप्पा, काय हवं?”

एलीजांनी डोळे मिटले. “चहा…” सूर लागला. “आलं… घालून.”

“आलं संपलंय हो,” रिबेका म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

त्यांचं बोलणं पूर्ण परत आलं नाही. छोटी वाक्यं तेवढी गाता यायची. वल्हांडणाच्या सणाला ते सिनेगॉगमध्ये उभे राहिले आणि अख्खं स्तोत्र गायले. एरवी आपापसांत कुजबुजणारी माणसं पुस्तकं मिटून नुसती ऐकत राहिली.