थोरल्याचा पट्टा

शिलाईच्या दुकानात परक्यांच्या कमरेचं माप चारचौघांत घ्यायचं, पण घरातल्या पुरुषाच्या दुखण्याचं नावसुद्धा काढायचं नाही, अशी या अब्रूदार घराची रीत होती.

त्या सकाळी कापडाचा गठ्ठा उतरवताना पंधरा वर्षांचा मुलगा कण्हला. धाकट्या सुनेने, त्याच्या आईने, खोदून विचारलं तेव्हा पुटपुटला, "डावीकडे खाली दुखतं... गांडुळांचा गुंता असावा तसं हाताला लागतं. बाबांना सांगू नकोस."

बाबांनी ऐकलंच. "वयात येताना होतं असं. बाप्या माणूस तू, डॉक्टरपुढे चड्डी सोडणार?" असं म्हणून गड जिंकल्याच्या थाटात ते चहा फुरकू लागले.

आई मुलाला घेऊन तडक दवाखान्यात गेली.

"व्हेरिकोसील. वृषणाकडच्या शिरा फुगल्यात," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ मुलांना असतं, बहुतेकांचं काही अडत नाही. पण याचं डावं वृषण वाढीत मागे पडलंय. सोनोग्राफी करू, लक्ष ठेवू, गरज पडली तर छोटं ऑपरेशन. हयगय केली तर काहींना पुढे मूल व्हायला अडचण येते. आणि बाळा, यात तुझी काही चूक नाही."

घरी सासूबाई वाटच पाहत होत्या. "झाली दवंडी पिटून? उद्या याला मुलगी कोण देईल?" त्यांनी पेटीतून जाड कापडाचा जुना पट्टा काढला. "हा बांध. थोरल्यालाही याच वयात शिवून दिला होता. आहे का कुणाला पत्ता? त्याच्या बायकोलासुद्धा नाही!"

त्याची बायको पलीकडे मशीनवर होती. मशीन थांबलं.

वर्षानुवर्षं याच तोंडाने तिला वांझ म्हटलं होतं. सुया, औषधं, तपासण्या सगळ्या तिच्या. नवऱ्याला तपासावं, एवढी अक्कल त्या अब्रूत मावली नव्हती.

थोरलीने पट्टा उचलला आणि दुकानात जाऊन कापणीच्या टेबलावर नवऱ्यापुढे ठेवला.

"दोष कुणाचा ते मला ठाऊक नाही. पण आता तपासणी तुमची."

"अगं हळू! गिऱ्हाईक ऐकतंय!" सासूबाई मागून फुत्कारल्या.

"ऐकू दे, आई. वांझ म्हणताना कधी आवाज खाली आला होता तुमचा?"

धाकटीच्या मागून मुलाने डोकं काढलं. "काका, तुम्हालाही दुखायचं?"

काकांनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. एकदा आईकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"दुखायचं रे," ते म्हणाले. "फार."

धाकटीने चपला घातल्या. "चला भावजी. सोनोग्राफीला निघालोच आहोत."