अर्धा वाडगा चहा

मी एक जुना चहाचा वाडगा आहे. अंगाचा रंग निळा, त्यावर कापसाची पांढरी बोंडे, आणि काठावरची सोनेरी रेघ ओठ लागून लागून पुसट झालेली.

मित्रांनो, मी ताश्कंदच्या भट्टीत भाजून निघालो आणि कालिपा आपांच्या रुखवतातून किर्गिझ डोंगरात आलो. उन्हाळाभर सोन-कोल सरोवराकाठच्या कुरणावर लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या गोल तंबूत राहायचे आणि थंडी पडली की खाली गावात जायचे, यातच माझे आयुष्य गेले.

आमच्याकडे वाडगा काठोकाठ भरत नाहीत. अर्धाच भरतात. पाहुण्याने तो पिऊन पुन्हा पुढे करायचा, घरच्या बाईने पुन्हा ओतायचा आणि गप्पा लांबत जायच्या. भरलेला वाडगा पुढे आला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि निघा. आपांनी तसा तो कधी कोणाला दिला नाही, मेंढ्या चोरल्याचा संशय होता त्या शेजाऱ्यालासुद्धा नाही.

मग परदेशी पर्यटक येऊ लागले. आपांचा मुलगा तालांत रशियात बांधकामावर विटा वाहत होता. तो परतला, त्याने पाहुण्यांसाठी आणखी दोन तंबू उभारले आणि त्याची बायको नुरझात चूल सांभाळू लागली. घर भरले म्हणून मीही सुखावलो. पण पर्यटक कुरकुरले. ही माणसे चहा देताना फार चिक्कूपणा करतात, असे त्यांनी इंटरनेटवर लिहून टाकले. पुढच्या उन्हाळ्यात फारसे कोणी फिरकले नाही. तालांतने घाईघाईने कान असलेले मोठे मग आणले, नुरझातने ते काठोकाठ भरायची सवय लावून घेतली आणि माझी रवानगी पेटीत झाली.

यंदा निरोप आला की बिश्केकच्या एका प्रवास कंपनीच्या बेगिमाईबाई तंबू बघायला येणार. त्यांना पटले तर उन्हाळाभर पाहुणे, नाहीतर तालांतला पुन्हा रशिया. बाई आपल्यातल्याच, म्हणून आपांनी मला पेटीतून काढून पुसले. माझ्या पोटात गोळा आला. वाडगा म्हणजे सगळे पोटच, त्यामुळे गोळाही मोठा होता.

बाई तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागी बसल्या. नुरझात किटली घेऊन पुढे आली. तिने सवयीने मला काठोकाठ भरले आणि अदबीने, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवले. मला ओरडावेसे वाटत होते. तालांतचा चेहरा उतरला. बाईंनी पर्स जवळ ओढली.

तेवढ्यात आपांनी हात लांब करून मला उचलले. कढत चहा त्यांच्या बोटांवर सांडला, तरी त्यांनी मला सोडले नाही.

"कळलं गं सूनबाई," त्या म्हणाल्या, "सासूला घालवायची घाई झालीय तुला. पिते आणि निघते. पण आधी पाहुणीला नीट चहा दे."

बाई हसू लागल्या. पर्स पुन्हा बाजूला गेली.

"आपा, तुम्ही निघालात तर मी बोलू कोणाशी? बसा," त्या म्हणाल्या. "आणि नुरझात, वाईट वाटून घेऊ नकोस गं. माझ्या ऑफिसातही आता मगच आहेत."

मग नुरझातने दुसऱ्या वाडग्यात अर्धा चहा ओतला, पुन्हा ओतला, पुन्हा ओतला. बाई ऊन उतरेपर्यंत बसल्या आणि जाताना पाहुणे पाठवते म्हणाल्या.

आता पाहुणे खूप येतात, आणि त्यांना चहा पुन्हा आम्हा वाडग्यांतूनच मिळतो. तालांत घरी आहे, याचा मला फार आनंद वाटतो. काळजी मात्र सुटलेली नाही. गर्दी वाढली की नुरझात दमते, आणि किटली माझ्यावर कलली की ती अर्ध्यावर थांबेल ना, म्हणून मी रोज धास्तावतो. मगांची खोकी अजून कोपऱ्यातच आहेत.

मित्रांनो, कधी आमच्या कुरणावर आलात आणि माझ्यात अर्धाच चहा दिसला, तर मनात काही आणू नका. मी जुना आहे, मला जपून धरा, चहा संपवा आणि मला पुन्हा पुढे करा. तुम्ही अजून बसावे, म्हणून तर मला अर्धे ठेवले आहे.