चाळिसातले चार

दालनात गर्दी एवढी, की शिंकायचं तर शेजाऱ्याच्याच नाकानं शिंकावं लागत होतं. छताला चष्म्यांच्या माळा लोंबत होत्या. फुंकरबाबानं डोळ्यांत फुंकर मारली, की माणूस चष्मा फेकायचा आणि सगळे ओरडायचे, "दिसलं! दिसलं!"

काय दिसलं, ते कुणी विचारत नव्हतं.

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उद्यावर ऑपरेशन आलेलं, आणि ही बया इथे रांगेत!

"ताई, फुंकरीनं भागत असेल तर डोळा कशाला कापून घ्यायचा?"

"अगं, आणखी लांबवलंस तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले ना?"

बाबा गरजला, "माते, शंका हाच खरा मोतीबिंदू!"

"थांब मेल्या, तुझाच काढते." मी जावेच्या पिशवीतून सुयांची पुडी काढली. "ज्यांनी फुंकर घेतलीय, त्यांनी सुई ओवून दाखवा."

चाळीस जण पुढे आले. कुणी दोरा स्वतःच्या नाकात घातला, कुणी शेजारणीच्या डुलात. ओवली चौघांनी.

"चौघांना दृष्टी आली!" बाबा नाचायलाच लागला.

"आता फुंकर न घेतलेल्यांनी चष्मे काढून सुई ओवा," मी म्हटलं.

दहा जण तयार झाले. एका आजोबांनी ओवली.

"एक! नुसता एक! माझे चार!" बाबा खिदळला. लोकही हसले.

जाऊ मात्र हसली नाही. "अहो, तुमचे चार चाळिसातले, आजोबा दहातले. दोन्हीकडे दहांत एकच की! फुंकर नसती तरी त्या चौघांनी ओवलीच असती."

"उरलेल्यांची श्रद्धा कमी पडली!"

"वा रे वा!" मी म्हटलं. "दिसलं तर फुंकर तुझी, नाही दिसलं तर डोळा आमचा?"

मग जो तो आपला चष्मा शोधायला धावला, आणि त्या धांदलीत भामट्यानं मागच्या दारानं धूम ठोकली. स्वतःचा चष्मा घालून!

तेव्हा बाबांनो, कुणी चमत्कार सांगितला की दोनच गोष्टी विचारा. किती जणांपैकी झाला? आणि बाबा नसता तर किती जणांपैकी झाला असता? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर सोडू नका.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर जाऊ माझ्याकडे बघतच राहिली.

"अगंबाई ताई, एवढ्या म्हाताऱ्या कधी झालात हो?"

म्हटलं, चला, नीट दिसतंय.