समितीतली साधी बाई

हॉस्पिटलच्या समितीत एक साधं माणूस हवं होतं, म्हणून पार्लरवालीला बोलावलं. नियमच तसा होता. नव्या औषधाची चाचणी माणसांवर करायची, तर डॉक्टर-वकिलांच्या जोडीला त्यातलं काही न शिकलेलं एक माणूस बसलंच पाहिजे, आणि त्याची सही नसेल तर कागद पुढे सरकत नाही. नियम करणारा शहाणा असावा. पाळणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की मान डोलावणारं कोणीतरी शोधायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि हातात पेन द्यायचं. पार्लरवाली अध्यक्षांच्या बायकोचे केस कापायची. त्यांना वाटलं, ही काय बोलणार!

केस कापणारी बाई बोलत नाही असं ज्याला वाटतं, तो कधी पार्लरमध्ये बसलेला नसतो.

त्या दिवशी संधिवाताच्या नव्या औषधाचा कागद समोर आला. पार्लरवालीची धाकटी बहीण त्याच हॉस्पिटलात, दोन मजले खाली, त्याच औषधाकडे डोळे लावून पडली होती. बोटं इतकी वाकडी झालेली, की स्वतःचं बटण स्वतःला लावता येत नव्हतं. चाचणीसाठी तिचं नाव सगळ्यात आधी होतं. पार्लरवालीने हे अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं. ते हसून म्हणाले होते, "उलट बरंच की! सही लवकर होईल."

"हे एक वाक्य कळलं नाही," ती म्हणाली. "औषधाने काही बिघडलं तर काय, ते."

चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवलं. वाक्य एवढं लांबलचक, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होत होतं. लागू तरतुदींच्या अधीन राहून, प्रायोजकाने कार्यकारणभाव निश्चित केल्यास, आणखी कायकाय.

"नाही कळलं."

मग वकील समजावायला सरसावले. त्यांनी तेच शब्द मागचे पुढे केले.

"अजूनही नाही."

"ताई, या गोष्टी तांत्रिक असतात," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक शब्द तुम्हाला कळलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"मग मला कशाला बोलावलंत? न कळणारी माणसं तुमच्याकडे खाली वॉर्डात आहेतच की."

तिला लाज वाटत नव्हती असं नाही. शिकलीसवरलेली माणसं घड्याळाकडे बघत असताना परत परत "कळलं नाही" म्हणायला छाती लागते. पण भीड ही भिकेची बहीण, हे ती धंद्यात पडल्या पडल्या शिकली होती. ती बिस्कीट खात बसून राहिली.

शेवटी डॉक्टर वैतागले. "सोपं सांगू? औषधाने त्रास झाला, तर तो औषधामुळेच झाला की नाही, हे कंपनी ठरवणार. कंपनी नाही म्हणाली, तर पेशंटने आपल्या खर्चाने उपचार करायचे. झालं समाधान?"

डॉक्टरांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हणजे चोराच्याच हातात जामदारखान्याच्या किल्ल्या," पार्लरवाली म्हणाली. "आता कळलं. आता सही नाही."

"तुमची सख्खी बहीण वाट बघतेय," अध्यक्ष हळूच म्हणाले. "नुकसान तिचं होईल."

घाव वर्मी बसला. कालच हिच्या हातून घास घेताना धाकटीने विचारलं होतं, "सही करशील ना गं ताई?" आणि हिने हो म्हटलं होतं. तरी पार्लरवाली उठून उभी राहिली.

"चला तर मग खाली. आत्ता मला सांगितलंत तसंच, त्याच शब्दांत तिला सांगा. ती हो म्हणाली तर मी उभ्या उभ्या सही करते."

कोणी उठलं नाही. वकिलांना अचानक फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. डॉक्टर चष्मा पुसतच राहिले.

"नाही येत? मग वाक्य बदला. ठरवायला कंपनीबाहेरचा डॉक्टर हवा. आणि त्याचं ठरेपर्यंत खर्च कंपनीचा."

"असं अडून बसलात, तर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"खुशाल बघा," ती म्हणाली आणि ताडताड जिना उतरली. एका मजल्यापर्यंत राग पुरला. पुढचा मजला तिने कठड्याला धरून उतरला.

"झाली सही?" धाकटीने विचारलं.

"नाही केली." खाटेच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माझे हात हवेत गं. मी तर डोळे झाकून सही केली असती."

"माहीत आहे."

"तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आता ही माझं तोंड बघणार नाही, असं पार्लरवालीच्या मनात आलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं.

"आणि आता वर काय चाललंय?" धाकटीने भिंतीकडे बघतच विचारलं.

"काय चालणार? मुकाट्याने सही करणारं कोणीतरी शोधत असतील."

धाकटी वळली. आपल्या त्या वाकड्या बोटांनी तिने बहिणीला खाटेवरून ढकललं. "मग इथे रडत काय बसलीस? खुर्ची रिकामी सोडून येतं का कोणी? जा वर!"