खांद्यावरची खुर्ची

मी फणसाच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. एक पाय खिळखिळा, वेताची बैठक मधोमध खचलेली, दोन्ही हातांखाली बांबू अडकवायच्या लोखंडी कड्या. सध्या माझ्यावर कोकमाची सोले वाळत घालतात. चार खांद्यांवरून माणूस शेवटचाच जातो असे तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याकडे पाहा. माझ्यावर बसून गेलेली बहुतेक माणसे स्वतःच्या पायांनी घरी परतली.

गोवा घटकराज्य झाले त्या वर्षी सुर्ल्याच्या डोंगरावरच्या वाड्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, बाबाजी मेस्ता या सुताराने मला घडवले. खालच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर धावत, पण वर आमच्याकडे फक्त पायवाट होती. वाड्यातल्या सगुणच्या आईला तापात चादरीच्या झोळीतून उतरवताना गाठ सुटली आणि बिचारी दगडांवर आपटली. तेव्हा सगुणनेच आपल्या परसातला फणस तोडून दिला. आजारी माणसाला माझ्यावर बसवायचे, चौघांनी रस्त्यापर्यंत आणायचे आणि मिळेल त्या ट्रकने साखळीच्या आरोग्य केंद्रात पोचवायचे, असा शिरस्ता पडला.

मला सांभाळायचे काम वाड्यातल्या जाणत्या जयरामकडे आले. मी त्याच्याच पडवीत असे. आधी दोनचार जणांनी मला वापरले आणि खांदा द्यायची वेळ आली तेव्हा दार लावून घेतले. मग जयरामने नियम केला. ज्या घराने वर्षभरात खांदा दिला, त्याच घराला खुर्ची. विमा म्हणजे काय हे मला कुणी शिकवले नव्हते, पण मी वाड्याचा विमाच होते. ज्याच्या घरी दुखणे नाही त्यानेही खांदा द्यायचा आणि आपली पाळी येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे.

अशात यशवंत आणि रेश्मा हे जोडपे वाड्यात भाड्याने राहायला आले. यशवंत दोडामार्गाकडचा, खनिजाच्या ट्रकवर कामाला. रेश्मा पोटुशी होती. पहिल्या खेपेला गावी अडून तिचे मूल गेले होते, त्यामुळे तिच्या मनात धास्ती बसली होती. पडवीत मला पाहून तिने जयरामला विचारले, "काका, माका गरज पडली तर ही मिळात?"

"तुमका हांगा येवन कितलीं वर्सां जालीं?" जयरामने उलट विचारले.

"वर्सां खंयची! आठ दिस झाले."

"आदीं खांदो दियात. उपरांत पळोवया." म्हणजे नंतर पाहू.

आतून त्याची बायको पद्मावती बाहेर आली. "तिका वर्सां कित्याक विचारतात?" ती म्हणाली. "गो, कितवो म्हयनो?"

"सातवो," रेश्मा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

जयरामला तरी एकट्याला काय दोष द्यावा? ठेकेदाराने यशवंतचा विमा काढला होता, पण तो अपघाताचा आणि त्याच्यापुरताच. डिचोलीहून विमावाला आला, त्याने रेश्माचे पोट पाहूनच पिशवी बंद केली. आता विमा काढला तरी हे बाळंतपण त्यात बसणार नाही, थोडी वर्षे थांबावे लागेल, म्हणाला. पोट कधी थांबते का, मित्रांनो? मोठे ऑपरेशन करावे लागले तर सरकारी मदत मिळेल का म्हणून यशवंत चौकशी करून आला, तर तिथे रहिवासाचा दाखला हवा होता.

राहिला माझा खांदा. यशवंत तो द्यायला एका पायावर तयार होता, पण वाड्यातल्या सगळ्यांच्या तब्येती नेमक्या ठणठणीत! "कोणाक तरी जरा ताप येवंदे गे बाय," असे रेश्मा एकदा बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. मला मनातून हसू आले आणि वाईटही वाटले.

एका दुपारी तिच्या कळा सुरू झाल्या. यशवंत ट्रकवर, बाकीचे पुरुष खाणीवर. पद्मावती धावत आली आणि मला बाहेर ओढू लागली. जयराम आडवा आला. "नेम मोडलो जाल्यार फाल्यां कोण खांदो दितलो?" उद्या खांदा कोण देणार, ही त्याची काळजी.

पद्मावती थांबली. "आमच्या घरचो खांदो दोन वर्सां लागूंक ना," ती शांतपणे म्हणाली. "म्हणजे फाल्यां तुमी पडल्यार तुमकाय ही मेळची ना."

खरेच होते ते. खांदे मी ओळखते. खांदा देणारा जयरामचा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून त्या घरचा खांदा मला लागला नव्हता, पण नियम करणाऱ्याला कोण विचारणार? मग जयरामनेच बांबू आणले आणि कड्यांत सारले.

मागे पद्मावती आणि सगुणची बायको सत्यवती, पुढे जयराम आणि शेजारची सुविधा. बायकांचा खांदा मला पहिल्यांदाच लागला होता. मी कलत होते, डुलत होते. रेश्माने माझे हात असे धरले होते की मला वाटले, आता हे निखळणार. खाली ट्रक थांबला. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. जयराम पडवीच्या खांबाला टेकून ढसाढसा रडला.

पुढच्या वर्षी तो काजूच्या झाडावरून पडला. तेव्हा पुढचा खांदा रेश्माचा होता. त्याने कोणाची वर्षे विचारली नाहीत.

आता वाड्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, फोन केला की रुग्णवाहिका येते. सरकारी कार्डही आले. आता मला रेश्मा सांभाळते, मी तिच्या पडवीत पडून असते, कोंबड्याही मला जुमानत नाहीत. मला त्याचे दुःख नाही, माझी गरज उरू नये हेच बरे. पण परवा वेंगुर्ल्याकडची एक नवी भाडेकरीण, तेजस्विनी, पडवीत येऊन बसली. पोट दिसत होते. "कार्डासाठी हयसर किती वर्सां ऱ्हवतंस म्हणान विचारतत," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

रेश्माने माझ्यावरची सोले बाजूला केली आणि तिला माझ्यावर बसवले. "ता मागीर बघू," ती म्हणाली. "कितवो म्हयनो?"

दुसऱ्या दिवशी तीच तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

मित्रांनो, मला रंग लावू नका, पाय दुरुस्त करू नका. एवढेच करा. तुमच्या दारात कुणी नवे माणूस पोट सांभाळत आले, तर किती वर्षे राहता हे नंतर विचारा. आधी विचारा, कितवा महिना?