ओरडायची बाजू

"बाबा, तू म्हातारा झालास का?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने विचारलं. बाबा नुकताच लिफ्टच्या दुरुस्तीवरून आला होता आणि बेसिनपाशी ग्रीसचे हात चोळत होता.

"छापून आलंय म्हणजे झालोच असणार," तो म्हणाला.

बाबाचा बँड तिच्या जन्माआधीपासूनचा. मेटलकोर. गिटारी अंगावर धावून येतात, एकजण गोड गातो आणि दुसरा जीव खाऊन ओरडतो. ओरडायची बाजू बाबाची. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो भिंतीला गादी उभी करून त्या गादीशीच भांडल्यासारखा सराव करायचा. यंदा गोड गाणारा काका बँड सोडून गेला, आणि नव्या अल्बममध्ये त्याच्या ओळी तिने गायल्या. परीक्षणं छापून आली. सगळ्यांचं म्हणणं एकच: मुलीचा आवाज म्हणजे मोकळी हवा, वडिलांचं वय झालं, त्यांनी आता ओरडणं आवरावं.

शाळेत तिचा भाव असा वधारला की पाय जमिनीला लागेनात.

"शनिवारच्या कार्यक्रमात स्टेजवर तू एकटीच गा," बाबा टॉवेल शोधत म्हणाला. "मी मागे वायरी बघतो."

"म्हणजे गादी उचलून ठेवायचं माझं काम सुटलं," आई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण तुझ्या तोंडून हे ऐकवत नाही रे."

लेक खोलीत गेली. नुसत्या आपल्याच ओळी म्हणून पाहिल्या. छान होत्या, शाळेत टाळ्या मिळतील इतक्या. पण गाणं जागचं हलेना. बाबा खालून उसळायचा तेव्हा कुठे तिला वर चढावंसं वाटायचं. तो नसला तर चढायचं कशासाठी?

तिने छाती भरून श्वास घेतला आणि ती ओरडली. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला आणि जोराचा ठसका लागला. आईबाबा दोघं दारात धावत आले.

"घशातून नाही, पोटातून," बाबाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"तेच शिकव," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि दोघंही ऐका. शनिवारी बाबा ओरडणार नसेल, तर मी गाणार नाही. परीक्षणवाल्यांना काय लिहायचं ते लिहू देत. पुढच्या अल्बममध्ये आम्ही दोघं ओरडणार आहोत."